बावीस मिनिटांचा चहा

करूळ घाटाच्या सातव्या वळणावर माझ्या पायाखालचा पत्रा तापला. मी चपला काढून बसले होते म्हणून मला आधी कळलं, बाकीच्यांना मागाहून.

"भूपाल, गाडी बाजूला घे."

"आता कुठं बाजूला, आक्का? तिकडं दरी हाय."

"घे म्हटलं ना!"

भूपाल माझा धाकटा भाऊ. गगनबावडा ते वैभववाडी प्रवासी भरून वडापची जीप चालवतो, चोवीस वर्षं झाली. माझं ऐकायची त्याला सवय नाही. पण मागं बसलेल्या बायका जळक्या वासानं खोकायला लागल्या तसा त्यानं ब्रेक दाबला. कडेला वाळलेलं गवत होतं. मी ओरडले, "गवतावर नको, मुरमावर घे, मुरमावर!" त्यानं गाडी थोडी पुढं नेऊन उघड्या मुरमावर उभी केली. दहा माणसं उतरवली, त्यांच्या पिशव्या-टोपल्या उतरवल्या, आणि मी तिथंच मुरमावर आडवी होऊन जीपच्या पोटाखाली पाहिलं. धुराच्या नळीवरचा डबा लालबुंद झाला होता.

त्या डब्यात माझी अकरा वर्षं होती. मला रडू आलं, आणि रागही आला. राग जरा जास्तच.

"कुणाला काय झालं न्हाई न्हवं?" भूपाल प्रत्येकाला विचारत फिरत होता. तोंड पांढरंफटक पडलं होतं त्याचं.

कुणाला काही झालं नव्हतं. डब्याचा मात्र निकाल लागला होता.

मी सुलोचना मगदूम. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या प्रयोगशाळेची प्रमुख. लोक विचारतात, काय करता? 'उत्प्रेरक बनवते' म्हटलं की समोरचा हसून विषय बदलतो. म्हणून मी सांगते, काजळी खाणारी पावडर बनवते. मग लोक खुर्ची जवळ ओढतात.

गोष्ट सोपी आहे. डिझेलच्या जीपा जाऊन पेट्रोलच्या आल्या, तेव्हा सगळ्यांना वाटलं, चला, धूर संपला. संपतोय कशाला! पेट्रोलचीही काजळी असतेच, फक्त इतकी बारीक की डोळ्यांना दिसत नाही. ती फुप्फुसातून थेट रक्तात उतरते. म्हणून नळीवर तो डबा बसवतात. आत चिनीमातीसारखी एक वडी, तिच्यात हजारो बारीक नळ्या, प्रत्येक नळीचं एक तोंड बंद. धुराला पुढं जायचं तर नळीच्या भिंतीतून झिरपून जावं लागतं. धूर जातो, काजळी अडकते. पण अडकलेली काजळी साठत गेली तर इंजिनाचा श्वास कोंडतो. म्हणून ती तिथल्या तिथं जाळायची. एरवी तिला जळायला सहाशे अंश लागतात. नळ्यांना माझ्या सेरियम आणि चांदीच्या पावडरीचा लेप दिला की ती चारशेच्या आतच पेटते.

आता खरी मेख. जळायला हवा लागते, आणि पेट्रोल इंजिनाच्या धुरात हवा जवळजवळ उरतच नाही. इंजिन मोजूनमापून सगळी वापरून टाकतं. डब्याला ताजी हवा मिळते ती एकाच वेळी. गाडी गिअरमध्ये असताना ड्रायव्हरनं ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की पेट्रोल बंद होतं, चाकं इंजिनाला फिरवतात आणि इंजिन नुसती हवा पुढं ढकलतं. म्हणजे घाटाचा उतार ही आमच्या डब्याची अंघोळीची वेळ. चढताना मळायचं, उतरताना धुऊन निघायचं. माझा सगळा हिशेब ह्या एका गोष्टीवर उभा होता.

हे सांगते आहे ते दोन हजार सदतीस सालातलं. घाटाच्या पायथ्याला तेव्हा कणमोजणीचा नाका नुकताच बसला होता. नवीन वर्षापासून ज्या गाडीची काजळी ठरल्यापेक्षा जास्त, तिला घाट बंद. त्याऐवजी दिवसातून दोनदा विजेची मोठी बस येणार होती. ती मुख्य रस्त्यानं यायची आणि तशीच जायची. वाडीवस्तीवर वळायची तिची टाप नाही. गगनबावड्याच्या स्टँडवरच्या चाळीस जीपा माझ्या लेपाच्या भरवशावर होत्या. सहा जीपांवर चाचणी चालू होती. पाच रस्त्यांवरचे पाच डबे आरशासारखे स्वच्छ. सहावा भूपालचा, करूळ घाटातला. त्यात पाच महिने काजळी साठतच चालली होती आणि का ते मला कळत नव्हतं. ते बघायलाच मी त्या दिवशी त्याच्या शेजारी जाऊन बसले होते.

"मॅडम, माघार घेऊ या," आमचे साहेब, खर्डेकर, वितळलेल्या वडीकडे बघत म्हणाले. मी ती करवतीनं उभी कापून टेबलावर ठेवली होती. मधोमध मुठीएवढं भोक. "शुक्रवारी घाटाच्या परवानगीची समिती बसते आहे. लेप घाटात चालत नाही, असं आपणच सांगितलेलं बरं."

"चालत नाही हे मला मान्य आहे," मी म्हटलं. "का चालत नाही ते कळल्याशिवाय मी माघारबिघार घेणार नाही. आठवडा आहे ना हातात?"

मृण्मयी माझी सहकारी, सांगलीची, कामाला वाघीण. जीपमधल्या नोंदणीच्या डबीतली पाच महिन्यांची माहिती तिनं माझ्यासमोर उलगडली. ही डबी इंजिन सुरू झालं की जागी होते आणि बंद झालं की झोपते.

"चढताना सगळं ठीक आहे, मॅडम. काजळी साठते, ती साठणारच. मग दादा वर पोचतात, आणि परत निघताना चहाला थांबतात. मग गाडी सुरू करून वैभववाडीत शिरतात."

"कोण चहाला थांबतं?"

"भूपालदादा. रोज. बावीस मिनिटं. कधी एकवीस, कधी तेवीस. माणूस वेळेचा पक्का आहे हं."

मी चष्मा काढून ठेवला. आमच्या भूपालनं जन्मात चहा प्यायलेला नाही. पाहुण्यांकडं गेलं की त्याची कपबशी गुपचूप माझ्याकडं सरकते. आमच्या आईची ह्यावरून कायम बोलणी.

"मृण्मयी, करूळ घाट उतरायला किती वेळ लागतो?"

तिनं बोटांवर हिशेब केला आणि मग माझ्याकडं पाहिलं. "बावीस मिनिटं," ती हळू आवाजात म्हणाली. "अगं बाई! म्हणजे उतरताना इंजिनच..."

"बंद असतं."

ह्याला स्टँडवर 'चावी बंद घाट' म्हणतात. माथ्यावर चावी फिरवायची, गाडी सोडून द्यायची, आणि थेट पायथ्याला इंजिन सुरू करायचं. पेट्रोल वाचतं हे निमित्त. खरी मिरवायची गोष्ट असते ती पायातली ताकद, कारण इंजिन बंद झालं की ब्रेक दगडासारखा घट्ट होतो आणि स्टिअरिंग जड. आमच्या वडिलांच्या वेळेपासून ही फुशारकी चालत आलेली. मला वाटलं होतं, नव्या गाड्या आल्या, ते गेलं. आम्ही शिकलेली माणसं, आम्हाला बरंच काही वाटत असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्टँडवर गेले. भूपाल टपरीच्या बाकावर ताक पीत बसला होता. मी समोर उभी राहिले.

"डबा भरल्याचा पिवळा दिवा लागला होता का डॅशबोर्डवर?"

"कसला दिवा?"

"भूपाल."

"लागला हुता. गणपतीचा स्टिकर लावला त्येच्यावर. सारखा डोळ्यापुढं चमकायचा, लई वैताग."

"आणि चावी?"

त्यानं ताकाचा पेला ओठाला लावला. बाजूचे दोघे ड्रायव्हर उठून तंबाखू मळत लांब गेले. त्यांनाही माहीत होतं, उघडच होतं.

"पाच महिने तू त्या डब्याला हवा लागू दिली नाहीस," मी म्हटलं. "रोज काजळी भरली आणि रोज झाकून ठेवलीस. त्या दिवशी मात्र गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिन चालू ठेवून, अगदी नियमानं उतरवलीस. पाच महिन्यांची काजळी एकदम पेटली. माझ्या लेपानं पेटवली ती, तेच तर त्याचं काम! वडी वितळली. गवतावर थांबलो असतो तर डोंगर पेटला असता. त्याच दिवशी कुठून आठवला रे तुला नियम?"

"तू फुडं बसली हुतीस, म्हणून," तो म्हणाला आणि पेला बाकावर ठेवला.

मी त्याच्या शेजारी बाकावर बसले.

"समितीपुढं हे सांगायला लागेल," शेवटी मी म्हटलं. "डबीत फक्त रिकामी बावीस मिनिटं आहेत. डबी बिघडली असंही कुणी म्हणेल. तू सांगितलंस तरच ते खरं धरतील."

"आणि माझं परमिट?"

"जाईल."

"व्वा! किती सरळ सांगतीस गं! माणसं भरून चावी बंद केली म्हणून वर्षभर घरी बसवतील मला. तू माझी बहीण हायस का त्या खात्याची? न्हाई सांगणार. तुझी पावडर तू सांभाळ, माझी गाडी मी सांभाळतो."

"माझ्या पावडरीवर तुझ्यासकट चाळीस गाड्या आहेत, गाढवा!"

"असू देत."

तो उठून गेला. मी त्याचं उरलेलं ताक पिऊन टाकलं. ऊनच तसं होतं, आणि रागानं घसाही सुकला होता.

रस्ताभर मी त्याला मनसोक्त शिव्या दिल्या. शिरोली येईतो त्या संपल्या आणि मग एक गोष्ट टोचायला लागली. चूक त्याची, शंभर टक्के. पण माझं काय? अकरा वर्षं मी पावडरी तपासल्या त्या काचेच्या नळीत, वरून ताज्या हवेचा अखंड झोत सोडून. आमच्या परीक्षेत हवा फुकट होती. तिथं जी पावडर पहिली आली तिला मी घाटात पाठवलं. आणि करूळच्या ड्रायव्हरला एकदाही विचारलं नाही की बाबा, तू उतरतोस कसा? सख्खा भाऊ होता, तरी विचारलं नाही. जग आपल्या नळीसारखं वागेल, ही चूक प्रयोगशाळेतलीच माणसं करतात. टपरीवरचा माणूस नाही करणार.

कपाटात खालच्या खणात एक विटकरी रंगाची पावडर होती. सेरियम आणि प्रेसिओडिमियम, नाव घेताना जीभ अडखळते. चार वर्षांपूर्वी मी तिला नापास केलं होतं, मंद म्हणून. पण तिचा एक गुण मला आठवत होता. तिच्या कणाकणात ऑक्सिजनला बसायला जागा असते. हवेचा घोट मिळाला की ती भरून ठेवते, आणि काजळी टेकली की थोडा थोडा काढून देते. गोठ्यातली गाय जशी आधी खाऊन घेते आणि मग सावकाश रवंथ करते.

"मृण्मयी, चढताना भूपाल पाय किती वेळा उचलतो?"

"चढताना कुठं पाय उचलतात, मॅडम? चढताना दाबून ठेवतात."

"वळणावर गिअर बदलतो ना? तेव्हा उचलावाच लागतो. मोज."

तिनं नोंदी चाळल्या. एका चढणीत त्रेसष्ट वेळा. प्रत्येक वेळी एखादा सेकंद. हवेचे त्रेसष्ट घोट.

आम्ही परीक्षाच बदलली. हवेचा अखंड झोत बंद केला. तासभर गरम, बिनहवेचा धूर सोडायचा आणि त्यात एकेका सेकंदाचे त्रेसष्ट घोट. उतार द्यायचाच नाही. पहिल्या नंबरची माझी लाडकी पावडर साफ आपटली, पाचातले चार भाग काजळी तशीच राहिली. नापास पावडरीनं दहातले नऊ भाग काजळी खाल्ली, आणि तीही चढताना! तीनदा करून पाहिलं, तीनदा तेच. म्हणजे काजळी साठणारच नाही, आणि साठलीच नाही तर नंतर कुणी कसाही उतरला तरी भडका उडायला आत काही नसेल.

मी मृण्मयीला मिठीच मारली. ती म्हणाली, "मॅडम, हातमोजे, हातमोजे!"

शुक्रवारी गगनबावड्याच्या विश्रामगृहात समिती बसली. परिवहनचे दोन अधिकारी, कणमोजणी नाक्याचे एक, आणि प्रवाशांच्या वतीनं वैभववाडीच्या रावराणे बाई, निवृत्त शिक्षिका. मागं स्टँडवरचे पंधरावीस ड्रायव्हर भिंतीला टेकून उभे. भूपाल नव्हता.

मी नव्या लेपाचे आकडे मांडले. सहा महिन्यांची चाचणी मागितली. अधिकारी हुशार होते.

"मॅडम, आकडे उत्तम आहेत. पण जुना लेप का वितळला?"

"डब्याला उतारावर हवा मिळाली नाही, असा माझा अंदाज आहे."

"का मिळाली नाही?"

मी तोंड उघडलं. परमिट भूपालचं होतं, आणि जबानी त्यानं द्यायची होती. त्याच्या माघारी मी ती देणार नव्हते.

"डबीत रोज बावीस मिनिटांची नोंद नाही. का नाही, ते डबी सांगत नाही."

"मग आम्ही कशावर विश्वास ठेवायचा? जुना का फसला हे तुम्हाला ठाऊक नाही, आणि नवा फसणार नाही म्हणता. असं असेल तर नवीन वर्षापासून घाट बंदच ठेवावा लागेल."

मागं कुजबुज झाली. खर्डेकर साहेबांनी कागद आवरायला घेतले.

"गाडी बंद असायची, साहेब."

भूपाल दारात उभा होता, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. कधी आला होता कोण जाणे.

"चावी मी बंद करत हुतो. रोज. वर बंद, खाली चालू. म्हणून तुमच्या त्या डबीत बावीस मिनिटं न्हाईत. आक्काच्या पावडरीचा काय दोष न्हाई. माझा हाय."

"माणसं भरलेली असताना?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"व्हय."

"मग त्या एकाच दिवशी इंजिन चालू का ठेवलंत?"

"त्या दिवशी आमची आक्का गाडीत हुती." भूपालनं मान खाली घातली नाही. उलट त्याचा आवाज थोडा चढलाच, जणू ही त्याच्या बाजूची गोष्ट होती. "बहिणीला घेऊन तसं उतरायचं म्हंजे... जीव हुईना माझा."

रावराणे बाईंनी चष्म्यावरून भूपालकडं पाहिलं. तोवर त्या शुद्ध, शाळेतली मराठी बोलत होत्या, ती एकदम गळून पडली.

"मगे आमी काय सवतीची पोरां?"

एवढंच. आवाज चढवला नाही त्यांनी.

मागं भिंतीला टेकलेले ड्रायव्हर आपापल्या पायांकडं बघत होते. भूपालनं खिशातून परमिटचं प्लास्टिकचं पाकीट काढलं, टेबलापाशी गेला आणि ते अधिकाऱ्यांपुढं न ठेवता रावराणे बाईंपुढं ठेवलं.

"चुकलं, बाई," तो म्हणाला. त्याला रडू फुटलं होतं आणि त्यानं ते पुसलं नाही.

परमिट वर्षभरासाठी गेलं. नव्या लेपाला सहा महिने मिळाले आणि तोवर स्टँडवरच्या गाड्यांना मुभा. निकाल सांगूनच टाकते, मला ताटकळत ठेवायला आवडत नाही. सहा महिन्यांनी वडी कापली तेव्हा आतून शुभ्र म्हणता येईल इतकी स्वच्छ होती. आज चाळीसही जीपा त्या विटकरी पावडरीवर धावतात, नाक्याचा लाल दिवा कुणाला अडवत नाही. मला आधीच माहीत होतं, पण माझ्या माहीत असण्याला आता मी थोडं कमी मोजते.

चाचणीच्या गाडीला ड्रायव्हर हवा होता. तिथं परमिट लागत नाही, लायसन्स पुरतं. मी भूपालला बोलावलं. तो घरात नुसता बसून आईचं डोकं खात होता.

"प्रवासी न्हाईत म्हंजे?" त्यानं विचारलं.

"प्रवाशांऐवजी वाळूची पोती. दहा. एकेक साठ किलोचं."

"कसा उतरवू?"

"इंजिन चालू, गिअरमध्ये. घाटात चावीला हात लावलास तर हात मोडीन."

"लेप फसला तर?"

"नाही फसणार."

पहिल्या दिवशी सकाळी मी माथ्यावर पोचले तर पोती भरून झाली होती आणि भूपाल गाडीच्या मागच्या भागात वाकून काहीतरी खटपट करत होता. शर्ट घामानं भिजलेला. मी डोकावून पाहिलं. दहाही पोत्यांना त्यानं सीटवर नीट उभं केलं होतं आणि एकेकाला सीटबेल्ट लावत होता. धुळीनं गंजलेल्या खटक्यांत तेल घालून, ओढून, खेचून. ते पट्टे जीप घेतल्यापासून कुणी वापरले नव्हते.

"अरे वेड्या," मी हसत सुटले. "वाळूला कशाला रे पट्टे?"

त्यानं शेवटचा खटका बसवला, पोतं दोन्ही हातांनी हलवून पाहिलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाला,

"माणसांना कधी लावलं न्हाईत, आक्का. हाताला सवय लागू दे."